बारा चौरस मीटरचं म्हातारपण

फरामर्ज रायनी यांनी तीस वर्षं केरमानच्या पाणीपुरवठा खात्यात दुसऱ्यांच्या नळांची मीटरं वाचली आणि एका आकड्यातही चूक केली नाही. हे ते स्वतःच सांगतात आणि प्रत्येक भेटीत सांगतात. अशा काटेकोर माणसाच्या हातात निवृत्तीच्या दिवशी सत्तर कोटी तोमान पडले. सत्तर कोटी ऐकून कुणी जागेवरून उठू नये. आमच्याकडे हल्ली भाजीवाल्याच्या गल्ल्यातही कोटी असतात. किती कोटी हा प्रश्न नसतोच, उद्या सकाळी त्यातले किती उरतील हा खरा प्रश्न.

रायनीसाहेब एकोणीस वर्षं ज्या घरात राहत होते ते घर त्यांचं नव्हतं. रीतीप्रमाणे मालकाकडे मोठी ठेव ठेवली होती आणि भाडं नावापुरतं जात होतं. मालक हाजी नुसरत देवमाणूस. दरवर्षी ठेव वाढवायची वेळ आली की नेमका विसरून जायचा, आणि विसरतोय हे त्यालाही ठाऊक असायचं. वसंतात तो वारला. मग त्याचा मुलगा बीजन जर्मनीतून आला. सत्तावीस वर्षं तिकडे यंत्रांत घालवलेला हा गृहस्थ बापाच्या मालमत्तेची निरवानिरव करायला म्हणून वरच्या मजल्यावर राहू लागला. घराचा करार उन्हाळ्याअखेर संपत होता. नवी ठेव आजच्या भावाने द्यावी लागणार, हे सांगायला कुणा पंडिताची गरज नव्हती.

म्हणजे काम अगदी साधं होतं. जुनी ठेव होती किती, तर आजच्या भावाने तिच्यात दोन गाद्या येतील एवढी. नवी ठेव या सत्तर कोटींतूनच द्यायची, आणि तोवर चार महिने ते सांभाळायचे. सांभाळले तर हे घर, अंगणातलं डाळिंबाचं झाड आणि भिंतीपलीकडच्या शेजारणी. नाही सांभाळले तर बंदर अब्बासला मुलाकडे. तिथे उन्हाळ्यात भिंतींनाही घाम फुटतो आणि सून सासूला खुर्ची देऊन बसवते, चमच्यालाही हात लावू देत नाही.

"मी तिकडे जायची नाही," तूरानबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "शोभेची बाहुली होऊन बसायला मी अजून तेवढी म्हातारी झालेली नाही. तुम्ही पैशाचं काय ते बघा, पण घर राहिलं पाहिजे."

"अगं, तीस वर्षं आकडे वाचलेत मी," रायनीसाहेब म्हणाले.

"वाचलेत. कधी वाढवलेत का?"

हा प्रश्न रायनीसाहेबांना लागला, आणि पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

पहिला सल्ला आला तो मेहुण्याकडून. होशंगचं सुट्या भागांचं दुकान होतं आणि दुकानात सुटे भाग सोडून सगळ्या विषयांवर बोलणं चालायचं. "दाजी, तोमान हातात ठेवू नका. डॉलर घ्या. डोळे मिटून घ्या." रायनीसाहेबांनी डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी कुठल्याशा राजधानीत कुठलीशी माणसं बोलणी करायला बसल्याची बातमी आली आणि डॉलर घसरला. समोरचा न्हावी म्हणाला, आता तो निम्म्यावर येणार. न्हाव्याला हे कुठून कळलं ते विचारायची शुद्ध कुणाला होती? रायनीसाहेब धावत गेले आणि विकून मोकळे झाले. विकतानाही घेणाऱ्याने एका नोटेवर शाईचा ठिपका शोधून काढला, दुसऱ्या नोटेवरच्या चित्रातलं डोकं लहान आहे, म्हणजे ती जुन्या छपाईची, असं म्हणाला आणि दोन्हींचे पैसे कापले. डोकं लहान असल्याबद्दल पैसे कापतात हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तिसऱ्या दिवशी ती माणसं हात न मिळवताच उठली आणि डॉलर पुन्हा आभाळाला जाऊन टेकला. एकूण सहा कोटी गेले.

उरलेले चौसष्ट त्यांनी बँकेत टाकले आणि दोन दिवस शांत झोपले. तिसऱ्या दिवशी शेजारचे सद्री आले. हे बँकेतूनच निवृत्त झालेले, त्यामुळे बँकेवर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. "सोन्याची नाणी घ्या, रायनी. बँकेत पैसा झोपतो." रायनीसाहेब पैसे काढायला गेले. खिडकीवरची मुलगी म्हणाली, "काका, सही जुळत नाही. ही तीस वर्षांपूर्वीची सही बघा, किती झोकदार आहे. आताची जरा थरथरते."

"तीस वर्षांत माणूसही थरथरायला लागतो, बाळ."

"तुम्ही तुमच्या कार्यालयाचं पत्र आणा, की तुम्ही तेच रायनी आहात."

कार्यालयात सांगितलं, आम्ही फक्त नोकरीतल्या माणसांना पत्र देतो. निवृत्तांना निवृत्तिवेतन खातं देतं. निवृत्तिवेतन खात्याने म्हटलं, देऊ की, पण अर्जावर बँकेने तपासलेली सही लागेल. ही गोल फेरी पूर्ण करायला अकरा दिवस लागले आणि तेवढ्या दिवसांत नाणं दोनदा महागलं. शेवटी सही जुळली ती अशी, की रायनीसाहेबांनी घरी बसून वहीभर जुनी सही गिरवली. साठीनंतर माणूस स्वतःचीच सही खोटी करायला शिकला, असं तूरानबाई सगळ्या शेजारणींना सांगत सुटल्या.

पैसे हातात आले तेव्हा नाण्याचा भाव ऐकूनच रायनीसाहेबांनी तो नाद सोडला. तेव्हा सद्रींनी आपलं मत बदललं. मत बदलायला त्यांना कधीच वेळ लागत नसे. "गालिचा घ्या. अस्सल केरमानी, हातविणीचा. त्याला ठिपका नको, सही नको. आणि जुना झाला की त्याचा भाव वाढतो. आपल्या ओळखीत असं दुसरं कोण आहे?"

हे मात्र रायनीसाहेबांना मनापासून पटलं. बाजारात हाजी ताहेरींची गालिच्यांची पेढी होती आणि ताहेरी त्यांचे शाळेतले सोबती. चहा झाला, दुसरा चहा झाला, मेलेल्या मास्तरांची चौकशी झाली. मग ताहेरींनी एक गालिचा उलगडला. तीन बाय चार मीटर, लाखेसारखी गडद लाल जमीन, मधे फुलांचं मोठं पदक, कडेने वेली. एका बाईने आणि तिच्या दोन मुलींनी चार वर्षं बसून विणलेला. रायनीसाहेबांनी खाली बसून कडेची एक वेल बोटाने शेवटपर्यंत नेली.

"हाजी, याचं काय घेणार?"

"तुझ्यापुढे याची काय किंमत रे? तुझाच आहे. उचल आणि चालू लाग."

"छे, असं कसं."

"मैत्रीत पैसा आणतोस? मला लाज वाटते, फरामर्ज."

"अरे, पण आकडा सांग."

"जीव गेला तरी नाही सांगणार. वहिनींना माझा सलाम सांग आणि घेऊन जा."

याला आमच्याकडे तारोफ म्हणतात. यात देणारा देत नसतो आणि नाकारणारा नाकारत नसतो. दोघांनाही ते ठाऊक असतं आणि त्याशिवाय चहासुद्धा गोड लागत नाही. अर्ध्या तासाने ताहेरींनी मान खाली घातली आणि घरात कुणी गेल्यासारख्या चेहऱ्याने आकडा सांगितला. चौसष्ट. तो ऐकून रायनीसाहेबांना वाटलं, फुकट देत होता तेव्हाच उचलायला हवा होता.

निघताना ताहेरींनी बजावलं, "गुंडाळून ठेवू नकोस. तुडवला पाहिजे. माणसं चालली की लोकर बसते आणि रंग उठतो. मग बघ भाव."

घरी आणल्यावर कळलं की खोली गालिच्यापेक्षा लहान आहे. एक कड भिंतीवर चढली, ती लोडांखाली दाबली. मग रायनीसाहेबांनी कागद घेऊन हिशेब केला. दोन माणसं दिवसाकाठी किती पावलं टाकतात, आणि उन्हाळ्याअखेर रंग उठायला किती पावलं लागतील? पावलं फार कमी पडत होती. तेव्हा त्यांनी शेजाऱ्यांना बोलावणं धाडलं. रोज संध्याकाळी पाचाला सात-आठ माणसं पायमोजे घालून येत आणि बैठकीच्या खोलीत गोल गोल चालत. सद्रींना डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितलंच होतं, त्यांनी आपला सगळा कोटा तिथेच भागवायला सुरुवात केली. कडा कोऱ्या राहू नयेत म्हणून रायनीसाहेबांनी आराखडा काढला. सोमवारी वेली, मंगळवारी पदक. एकदा सद्री मंगळवारी वेलीवर गेले तर दोघांत अबोला झाला.

"चहा, खजूर भरलेली कुलुंपे बिस्किटं, पिस्ते," तूरानबाई म्हणाल्या. "हे सगळं गालिच्याच्या किमतीत धरताय ना?"

"गुंतवणूक आहे ती."

"ती कळतेय हो. पण रोज ती सद्रींच्या पोटात जातेय."

पण रंग खरंच उठला. दुपारी खिडकीतून ऊन आलं की ती लाल जमीन पेटल्यागत दिसे आणि तूरानबाईसुद्धा काम टाकून दारात उभ्या राहत. ताहेरींच्या मुलाने येऊन पाहिला आणि आता पंच्याऐंशीला जाईल म्हणाला. रायनीसाहेबांनी त्या दिवशी बायकोकडे पाहिलं, आणि बायकोने त्यांच्याकडे. घर राहणार होतं.

करार संपायला दहा दिवस उरले असताना बीजन खाली आला. उंच, सरळ, चष्म्याआडून थेट डोळ्यांत बघणारा माणूस. तूरानबाई पाव आणायला गेल्या होत्या. ठेवीचं बोलायचं म्हणून तो आला होता, पण उंबऱ्यातच थबकला.

"रायनीसाहेब, किती सुंदर गालिचा आहे हा."

आता इथे जे घडलं त्यात रायनीसाहेबांचा काही दोष नाही. शिंक आली की तोंडापुढे हात जातो, तसं ते झालं. पाहुण्याने वस्तूची स्तुती केली आणि त्यांचं तोंड आपसूक उघडलं. "आपल्याला आवडला? मग आपलाच आहे. घेऊन जा."

बीजनने चष्मा काढला. "खरंच?"

इथे कुठल्याही केरमानी माणसाने दोन्ही हात वर करून, छे छे, आपल्यालाच लाभो, असं म्हटलं असतं. रायनीसाहेबांच्या अंगावर काटा आला, पण गाडी उताराला लागली होती. "खरंच म्हणजे काय? नेला नाहीत तर मला वाईट वाटेल. माझ्या मुलांची शपथ."

बीजनचे डोळे भरून आले. "सत्तावीस वर्षांत मला कुणी असं काही दिलं नाही. वडील गेल्यापासून मला वाटत होतं, इथं माझं आता कुणीच उरलं नाही." त्याने चहाचं तबक उचलून बाजूला ठेवलं, लोड सरकवले आणि नीट, कडेला कड जुळवून गालिचा गुंडाळायला घेतला. "जड आहे हो. ते टोक धरता का जरा?"

आणि रायनीसाहेबांनी धरलं. बावीस पायऱ्या, मधे एक वळण. आपलं अख्खं म्हातारपण त्यांनी स्वतःच्या खांद्यावरून वरच्या मजल्यावर पोचवलं आणि वर पोचल्यावर, अजून काही लागलं तर सांगा, असंही म्हणाले.

तूरानबाई पाव घेऊन आल्या तेव्हा खोलीत नुसती फरशी होती.

"धुवायला दिलात?"

"नाही."

"मग?"

"बीजनना आवडला."

तूरानबाई त्या उघड्या फरशीवर बसल्या. पाव त्यांनी शेजारी ठेवला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं रायनीसाहेबांना वाटलं. "तीस वर्षं तुम्ही सगळ्यांना सगळं देत आलात," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "घड्याळ दिलंत, सायकल दिलीत, एकदा मला दिलेली अंगठी पाहुणीला दिलीत. सगळं तोंडानेच दिलंत, आणि लोक शहाणे म्हणून परत आलं. मी कधी बोलले नाही. पण आता मला भीती वाटते हो. मला हे घर सोडायचं नाही."

रायनीसाहेबांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. पूर्वी वरून बीजनची पावलं ऐकू यायची. आता तीही येईनात, कारण त्यांच्याखाली बारा चौरस मीटर लोकर होती.

परत मागायचा प्रश्नच नव्हता. मागितला असता तर रायनींच्या सात पिढ्यांत दिलेलं परत मागणारे ते पहिलेच ठरले असते. तेव्हा सल्लागार जमले. होशंगने डोकं चालवलं. "दाजी, तुम्ही वर जा आणि गालिच्याची स्तुती करा. त्याला, तुमचाच आहे, म्हणावंच लागेल. की उचलला गालिचा."

रायनीसाहेब वर गेले. "काय रंग आहे," ते म्हणाले.

"हो ना? रोज सकाळी बघतो मी."

"मधलं पदक तर, वा."

"धन्यवाद."

"अशी वीण हल्ली बघायला मिळत नाही."

"तुम्हाला खरंच गालिच्यांतलं कळतं," बीजन कौतुकाने म्हणाला. तासभर स्तुती करून रायनीसाहेब एक जर्मन चॉकलेट घेऊन खाली आले. सद्रींनी त्यातलं अर्धं खाल्लं. साखरेचं काय, असं कुणी विचारलं नाही.

मग सद्रींनीच त्यांना तंटानिवारण कचेरीत नेलं. तिथे एक जाड मिशांचे कारकून होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"चोरी?"

"नाही हो. मीच दिला."

"कर्जापोटी?"

"छे. आवडला म्हणाले म्हणून."

"दमदाटी? धाक?"

"तसं नाही. टोक मीच धरलं होतं."

कारकुनांनी लेखणी खाली ठेवली. "रायनीसाहेब, माझ्या घरातल्या शिवणयंत्राची गोष्ट सांगू? जाऊ दे. या छापील अर्जात तारोफाला रकाना नाही. असता तर या शहरात दुसरं कुठलं काम झालं नसतं." रायनीसाहेबांनी अर्जाची फी विचारली तेव्हा कारकून म्हणाले, "तुमच्याकडून काय घ्यायची?" आणि मग त्यांनी ती पूर्ण घेतली, वर शिक्क्याचे वेगळे.

करार संपायला दोन दिवस राहिले. तूरानबाईंनी खोकी आणून ठेवली होती आणि काचेची भांडी जुन्या वर्तमानपत्रांत बांधायला घेतली होती. एकेक पेला बांधताना त्या खिडकीतून डाळिंबाकडे बघत आणि रायनीसाहेब तिकडे पाहणं टाळत.

त्याच दिवशी जवळच्या माहान गावाहून बीजनची अख्तर आत्या आली. पंच्याहत्तर वर्षांची, काठी टेकत, पण जीभ तरतरीत. वर जाऊन तिने गालिचा पाहिला. बीजनने मोठ्या अभिमानाने तो कसा मिळाला ते सांगितलं. मग वरून जे ऐकू आलं ते गालिच्यालाही अडवता आलं नाही.

"अरे मेल्या! दिला म्हणून घेतलास? तुझ्या बापाने मला आपलं सगळं शेत कितीदा दिलं असेल, मी एकदा तरी नांगर घेऊन गेले का? जा, आत्ता परत देऊन ये. आणि ऐक, ते नाही म्हणतील. तू तीनदा आग्रह कर. तीनदा नाही म्हटलं तर समजायचं की खरंच नको आहे. आणि निघताना दोन शब्द गोड बोल, तोंडात मीठ धरल्यासारखा उभा राहू नकोस."

पाच मिनिटांनी दाराशी बीजन उभा. चेहरा पांढराफटक, खांद्यावर गालिचा, घामाने निथळलेला.

"रायनीसाहेब, माझं चुकलं. हा आपला आपल्याला परत."

रायनीसाहेबांच्या मनात लग्नाची वाजंत्री सुरू झाली. तोंड मात्र म्हणालं, "छे छे, दिलेलं परत घेतात का?"

बीजनने एक बोट दुमडलं. "नाही, घ्याच."

"माझ्या घरातली वस्तू आपल्या घरी आहे, यातच मला आनंद."

दुसरं बोट. "मी हात जोडतो."

आता रायनीसाहेबांचा हिशेब असा होता की चौथ्यांदा हो म्हणायचं. साठीच्या माणसाने तिसऱ्यांदाच हो म्हटलं तर हलकं दिसतं. "आपण मला लाजवताय," ते म्हणाले आणि चौथ्या आग्रहाची वाट पाहू लागले.

तिसरं बोट दुमडलं. बीजनने सुटकेचा श्वास टाकला, "बरं, जशी आपली इच्छा," म्हणाला, आणि गालिच्यासकट पाठ फिरवली. रायनीसाहेबांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. पहिल्या पायरीवर पाय ठेवताना बीजनला आत्याचं शेवटचं सांगणं आठवलं. तो वळला आणि पाठ केलेलं म्हणून दाखवलं, "आणि हो, हे घर आपलंच आहे. मी काय, चार दिवसांचा पाहुणा."

"थांबा, बीजनभाऊ."

तूरानबाई स्वयंपाकघरातून आल्या. हात पिठाचे, एका हातात नुकतंच भट्टीतून काढलेलं गरम कुलुंपे. "आमचंच आहे म्हणालात. किती वर्षांसाठी?"

"म्हणजे?"

"करार परवा संपतोय. ठेव द्यायला आमच्याकडे काही नाही. जे होतं ते तुमच्या खांद्यावर आहे. तीस वर्षांच्या नोकरीचं सगळं."

बीजन पायरीवर बसला. गालिचा त्याच्या मांडीवर आला. "सगळं? आणि तुम्ही ते मला देऊन टाकलंत? का?"

"आपल्याला आवडला म्हणून," रायनीसाहेब अगदी बारीक आवाजात म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना हे वाक्य मूर्खपणाचं वाटलं.

"ते राहू द्या," तूरानबाई म्हणाल्या. "मी सांगते ते ऐका. हा गालिचा तुमच्याकडेच ठेवा, ठेव म्हणून. पैसे नाहीत, गालिचा. करार पाच वर्षांचा, भाडं आहे तेच. आम्ही घर सोडू तेव्हा गालिचा परत. तोमान आभाळात जाऊ दे नाहीतर विहिरीत. आम्ही गालिचा दिला, आम्हाला गालिचाच मिळेल. आणि तोवर तो तुम्हाला रोज बघायला मिळेल."

रायनीसाहेबांनी तोंड उघडलं. असं कसं, आपण म्हणाल ते, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. पण तूरानबाईंनी ते गरम कुलुंपे अख्खंच्या अख्खं त्यांच्या तोंडात घातलं आणि तळहाताने वरून दाबून धरलं.

बीजनने मांडीवरचा गालिचा नीट केला. "चार महिने झाले मला येऊन," तो म्हणाला. "टॅक्सीवाला पैसे नको म्हणतो आणि मग मागून ओरडतो. दुकानदार देतो आणि मग रुसतो. आज पहिल्यांदा कुणीतरी मला कळेल असं बोललं. पाच कशाला, वहिनी, सहा वर्षं करू. माझ्या बापाच्या भिंतींना तुमच्या आवाजाची सवय झालेली आहे."

तूरानबाई त्यावर नाही म्हणाल्या नाहीत. एकदाही नाही.

दुसऱ्या दिवशी दलालाच्या कचेरीत निराळीच पंचाईत झाली. संगणकावर ठेवीच्या रकान्यात फक्त आकडे बसत होते. दलालाने तीन बाय चार लिहिलं तर यंत्राने बारा तोमान धरले आणि ठेव फार कमी असल्याबद्दल लाल इशारा दिला. तासभर झटापट झाल्यावर खाली शेऱ्याच्या जागेत गालिच्याचं वर्णन आलं. लाल जमीन, मधे पदक, कडेने वेली, चारी कोपरे शाबूत. ते लिहून घेताना बीजनने सकाळीच काढलेली प्रत्येक कोपऱ्याची छायाचित्रं दाखवली, आणि रायनीसाहेबांनी आपली ती झोकदार, तीस वर्षांपूर्वीची सही ठोकली.

घरी आल्यावर तूरानबाईंनी खोकी उलटी केली. पेले परत फडताळात गेले. मग त्यांनी पेटीच्या तळातून एक शाल काढली. लाल लोकरीवर सुईने भरलेली, सरूची झाडं आणि पाखरं. लग्नाआधी दोन वर्षं बसून त्यांनी स्वतः भरली होती. रायनीसाहेबांनी ती एकोणीस वर्षांत उघडलेली पाहिली नव्हती.

"ही इतकी वर्षं आत का ठेवलीस?"

"भिंतीवर लावायची आहे. पण भिंत दुसऱ्याची. आणि दरवर्षी वाटायचं, पुढच्या वर्षी असू की नसू. मग खिळा कशाला मारायचा?" तूरानबाईंनी हातोडा उचलला. "आता सहा वर्षं आहेत. स्टूल धरा."

रायनीसाहेबांनी स्टूल धरलं. भिंत जुनी, मातीची. पहिला खिळा वाकला, दुसऱ्याने मूठभर गिलावा पाडला. वरून बीजनने विचारलं की काय चाललंय. तूरानबाईंनी खिडकीतून ओरडून सांगितलं, भिंतीला भोक पाडतोय, आणि त्याने वरून, बरं, म्हटलं. तिसरा खिळा बसला. शाल टांगून त्या खाली उतरल्या, चार पावलं मागे गेल्या आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

"डावीकडे जरा उतरली आहे," रायनीसाहेब म्हणाले.

"असू दे," तूरानबाई म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.